मावशीच्या विहिरीतलं मीठ

चिखलताईने आयुष्यात एकदाच कुणाला छातीठोकपणे शब्द दिला होता, आणि तोही मातीच्या भरवशावर. माणसांच्या भरवशावर शब्द देऊन तोंडघशी पडलेले पुष्कळ लोक तिने पाहिले होते. त्यापेक्षा माती बरी, असं तिचं मत होतं.

शब्द दिला होता मावशीला. आई गेली तेव्हा चिखलताई नुकती शाळेत जायला लागली होती आणि धाकटा भाऊ अजून बोबडं बोलत होता. मावशीने दोघांना उचलून आपल्या घरी आणलं आणि लहानाचं मोठं केलं. तिने स्वतः लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आणि तिथे कमावलेला आवाज निवृत्तीनंतरही परत केला नाही. ती स्वयंपाकघरातून बोलली की कुंपणापलीकडून जाणारी अनोळखी माणसं दचकून "हो, हो" म्हणत.

भाऊ वाढला, मग वाढता वाढता गोल झाला, आणि त्याने खारवलेल्या काकड्यांचा कारखाना काढला. बरण्या विकणारा आणि दिसायलाही तसाच, म्हणून घरात त्याचं नाव बरणी पडलं. त्याला त्याचा राग नव्हता. बरणीला राग फारसा येतच नसे, आणि आला तर तो रुसव्यावर भागवत असे.

कारखाना मावशीच्या परसाला लागूनच होता. काकड्या मुरल्यावर उरलेलं खारं पाणी टाकायचं कुठे, ही त्याची मोठी अडचण. कुंपणापलीकडे एक खोलगट तुकडा पडून होता, पण तो मावशीच्या मालकीचा. तिथे उथळ तळं केलं तर उन्हाने पाणी उडून जाईल आणि मीठ तळाशी राहील, असा बरणीचा बेत. आता गंमत अशी, की कुंपणाच्या अलीकडे मावशीची विहीर होती. तिचं पाणी इतकं गोड, आणि मावशीला त्याचा इतका तोरा, की पाहुण्याच्या हातात ग्लास दिल्यावर तो "वा" म्हणेपर्यंत ती समोरून हलत नसे. अशा बाईकडे खाऱ्या तळ्यासाठी जागा मागायची म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालण्यातला प्रकार.

बरणीची छाती होईना. शेवटी चिखलताई पुढे झाली. मातीच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती; चिखलताई हे नावही त्यातूनच पडलेलं. कुठली माती किती भार सोसते, किती पाणी पिते, वाळली की किती आकसते, हे तिला भाजीवालीला भाजी कळावी तसं कळत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तळाला मी स्वतः उभी राहून चिकणमातीचा थर घालून घेते. फुगणारी माती असते एक, ती आणून. पाण्याचा एखादा थेंब गेला तर जाईल, पण मीठ जाणार नाही. माझा शब्द."

मावशी म्हणाली, "करा."

तळं झालं. थर चिखलताईने खरंच स्वतः उभी राहून घालून घेतला. मजूर वैतागले, रोलरवाला दोनदा काम सोडून गेला आणि दोनदा परत आला. त्यानंतर कैक वर्षं सगळं सुरळीत चाललं. काकड्या मुरत होत्या, पाहुणे "वा" म्हणत होते.

आणि मग एक दिवस मावशी बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली. चिखलताई त्या वेळी भट्टीतून वाळलेल्या मातीच्या डब्या काढत होती. खोलीत भाजलेल्या मातीचा वास भरला होता आणि टेबलावर चाळण्यांची चळत होती. मावशीने ती बाजूला सरकवली आणि बाटली ठेवली.

"पी."

"मावशी, इथे काही खात-पीत नाहीत आम्ही."

"पी म्हटलं ना!"

शेजारच्या खोलीतल्या दोघांनी आपापले पाण्याचे पेले उचलले. चिखलताईने घोट घेतला. पाणी खारट होतं. फार नाही, पण मावशीच्या विहिरीचं म्हणून ओळखू येणार नाही इतकं. तिने खारटपणा मोजायच्या मीटरची कांडी पाण्यात बुडवली. मीटरनेही तेच सांगितलं, फक्त दशांश चिन्ह देऊन.

"बरणीचं तळं माझ्या विहिरीत उतरलंय," मावशी म्हणाली. "मी त्याला कुंपणावरून सांगितलं तसं."

कुंपणावरून सांगितलं म्हणजे अख्ख्या रस्त्याला कळलं होतं. बरणीला ते लागलं. "ज्या मावशीने वाढवलं तिच्या विहिरीत मी मीठ कालवीन का?" असं म्हणून तो जो रुसला, तो मावशीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकेनासा झाला. मावशीनेही "नको येऊस" म्हटलं. दोघंही एकाच वळणाची. वाढवलंच तिने होतं ना.

राहिली चिखलताई, तिची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी, आणि त्यातली विहीर तर खरीखुरी. ती दर आठवड्याला मावशीकडे जायची, बाटली भरून घ्यायची, मीटर लावायची. आकडा दर वेळी थोडा चढलेला असायचा. तळ्याच्या थराला हात लावायचं मात्र तिच्याने होईना. घाबरलेली माणसं मोजत बसतात, तशी ती मोजत बसली. थर फुटला असेल तर मावशीचं पाणी आपल्या शब्दाने नासलं, हा विचार डोक्यात आला की ती मीटर पुसून परत एकदा लावायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका शनिवारी ती बाटली घेऊन गेली तर ओसरीवर पुठ्ठ्याची खोकी रचलेली.

"एक्स्चेंजमधली माझी मैत्रीण आहे ना, तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय," मावशी भांडी कागदात गुंडाळत म्हणाली. "महिनाअखेरीला जातेय. ट्रकवाल्याशी बोलणं झालंय."

"कायमची?"

"मग काय हवा खायला? बाटली भरायचीय ना तुला? भर."

चिखलताईने बाटली भरली नाही. ती तशीच उठून तडक कारखान्यात गेली.

कारखान्यात बायका सरळ काकड्या एका टोपलीत आणि वाकड्या दुसऱ्या टोपलीत टाकत होत्या. बरणी गमबूट घालून पिंपांमधून फिरत होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला. त्याने एक काकडी काढून तिच्या हातात ठेवली.

"खा. आवाज ऐक नुसता."

ती चावली. कुर्रकन आवाज झाला. पूर्वी बरणीच्या काकड्यांचा असा आवाज होत नसे. पूर्वी त्या मुकाट्याने खाल्ल्या जात.

"काय घालतोस यात?"

बरणीने अभिमानाने कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिशव्यांकडे बोट केलं. "कॅल्शियमचं मीठ. साध्या मिठाबरोबर थोडंसं. काकडी मऊच पडत नाही! दीड-दोन वर्षं झाली, सगळीकडून मागणी आहे."

चिखलताई उलट्या ठेवलेल्या बादलीवर मटकन बसली.

"अरे गाढवा, मला विचारायचं तरी!"

"काकडीबद्दल तुला काय विचारायचं?"

"काकडीबद्दल नाही, मातीबद्दल! हे बघ. माझा थर म्हणजे एक अरुंद बोळ समज. दोन्ही बाजूंना दारं, दारादारात कुत्रं बांधलेलं. पाणी म्हणजे घरचं माणूस, ते जातं-येतं, कुत्री मान वर करत नाहीत. मीठ म्हणजे परका. त्याच्यावर ती अशी अंगावर जातात की तो बोळाच्या तोंडावरूनच माघारी. साध्या मिठाचं तुझं पाणी होतं तोवर हे ठीक होतं. आता हे तुझं कुरकुरीत मीठ येतं ते खिशात हाडं घेऊनच. प्रत्येक कुत्र्यापुढे एकेक टाकतं. कुत्री बसली चघळत. फुगलेली माती आकसते, बोळ रुंद होतो, आणि मग त्यातून कुणीही जावं."

बरणी तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "मग हाडांचं तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू काकड्या कुरकुरीत करणार हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

टोपल्यांवरच्या बायका मान खाली घालून हसत होत्या.

"म्हणजे मावशी खरं बोलत होती?" बरणीचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "तसं असेल तर ताई, मी तळं बुजवतो. कारखाना बंद पडला तरी चालेल. पण मावशीने घर सोडायचं नाही."

"आधी तपासू दे," ती म्हणाली.

थराचा नमुना काढायला दोघं तळ्यात उतरली. कडेला पाणी घोट्याएवढं होतं. पोलादी नळी चिकणमातीत दाबायची आणि हलक्या हाताने फिरवत वर काढायची, एवढंच काम. बरणीने अंगचा सगळा भार नळीवर टाकला. नळी आत गेली आणि तिच्यापाठोपाठ बरणीही. तो बसल्या जागी कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात, गमबूट हवेत.

"ताई, ओढ!"

"थांब, आधी नमुना."

"मी बुडतोय!"

"घोटाभर पाण्यात? जाडजूड माणसाला बुडायलासुद्धा खोली लागते रे." पण हसता हसता तिचेही पाय घसरले, आणि मग दोघं भावंडं शेजारी शेजारी चिखलात बसून इतकी हसली की मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती क्षणभर उघडी राहिली आणि पुन्हा लागली. दोघांचं हसणं तिथेच आटोपलं. नमुन्याचं भोक चिखलताईने नव्या मातीच्या गोळ्यांनी ठासून बंद केलं आणि ती ओल्या कपड्यांनीच प्रयोगशाळेत गेली.

नळीतून निघालेला मातीचा दांडा तिने टेबलावर आडवा ठेवला. वरचं टोक भुसभुशीत आणि भेगाळलेलं. तिथे कुरकुरीत मीठ पोचल्याचं डोळ्यांना दिसतच होतं. तिने त्याच टोकाची चकती कापली. आपल्या भावाची आणि आपली बाजू घेतली असं स्वतःलासुद्धा वाटायला नको, म्हणून सर्वांत वाईट तुकडा तिने मुद्दाम निवडला. दुसऱ्याशी न्यायाने वागणारी माणसं स्वतःशी वागताना हटकून अशी काठी उगारतात.

चकती पोलादी डब्यात बसवली. वरच्या बाजूला खारं पाणी, खालच्या बाजूला शुद्ध पाणी, दोन्हीकडच्या तोट्या बंद. माती मीठ अडवत असली की खालच्या पाण्याला वर मिठाकडे जायची ओढ लागते. जायला तर मिळत नाही, म्हणून दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि तबकडीवरची सुई चढते. माती मीठ सोडत असली तर कुणालाच कुणाची ओढ उरत नाही आणि सुई झोपून राहते. एवढाच तो प्रयोग. करायला सोपा आणि बघत बसायला महाकठीण, कारण मातीला घाई म्हणून नसते.

बरणी रोज येऊ लागला. येताना एक बरणी आणायचा, ती ऑफिसातल्यांच्या स्वाधीन करायचा आणि डब्यासमोर स्टूल घेऊन बसायचा. दवाखान्यात नातेवाईक बसतात तसा.

"कशी आहे?" तो हलक्या आवाजात विचारायचा.

"तशीच," चिखलताई म्हणायची.

सुई जरा थरथरल्यासारखी झाली आणि परत निजली. पुढच्या दिवशीही तेच. ट्रकची तारीख जवळ येत चालली होती. एका दुपारी चिखलताईने पर्स उचलली.

"चल. मावशीला सांगून येऊ. थर गेला. माझा शब्द गेला."

बरणी उठला नाही. तो टेबलावरच्या मातीच्या दांड्याकडे बघत होता, जो चकती कापून झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

"ताई, तू हा कुठला तुकडा लावलायस?"

"वरचा."

"म्हणजे साल." त्याने डोकं खाजवलं. "अगं, काकडी मुरली की नाही हे बघायला मी साल चाखत नाही. साल पहिल्याच दिवशी खारट होतं. मी मधोमध कापतो. गाभ्यापर्यंत मीठ गेलं तर मुरली म्हणायची."

चिखलताई पर्स हातात धरून उभीच राहिली. हाताखालच्या पोरांना तिने हेच शंभरदा शिकवलं होतं, की नमुना सगळ्या जाडीचा बघावा. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा घाबरून सालावरच निकाल लावून मोकळी झाली होती.

"तुला अक्कल आहे हे तू इतकी वर्षं लपवून का ठेवलंस?" ती म्हणाली आणि पर्स फेकून सुरी घेतली.

मधला भाग सुरीखाली लोण्यासारखा कापला गेला. गुळगुळीत, घट्ट, एक भेग नाही. ती चकती डब्यात गेली. आणि मातीने तिचा ठरलेला वेळ घेऊन झाल्यावर एका सकाळी सुई हलली. आधी तिला वाटलं टेबलाला धक्का लागला. मग तिने श्वास रोखून बघितलं. सुई चढत होती. कुणाची भीड न ठेवता, सावकाश, एकेक रेघ मागे टाकत चढत होती. थराच्या पोटातली सगळी कुत्री जागी होती. हाडं घेऊन आलेलं मीठ वरच्या बोटभर मातीनेच पकडून ठेवलं होतं, खाली पोचूच दिलं नव्हतं.

चिखलताईने फोन लावला. "बरणी, गाभा कोरा आहे!" एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडून कसलंतरी पिंप आडवं झाल्याचा आवाज आला. ती ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली. साहेबांनासुद्धा तिने खांद्याला धरून हलवलं. त्यांनी आनंदाने हलवून घेतलं, कारण काकड्या तेही खात होते.

कुरकुरीत मिठाचं पाणी यापुढे तळ्यात जायचं नाही, त्याला वेगळी टाकी बांधायची, आणि थरावर नवा थर चढवायचा, हे तिने बरणीकडून तिथल्या तिथे कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "टाकीच काय, म्हणशील तर ताजमहाल बांधतो."

दोघं मावशीच्या घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बरणी फाटकाबाहेरच थांबला. "मला आत बोलावलेलं नाही," तो हळूच म्हणाला आणि कठड्यावर हात ठेवून उभा राहिला.

चिखलताईने ओसरीवरच्या खोक्यांमधून वाट काढत मावशीला सगळं सांगितलं. साल, गाभा, सुई. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझी सुई चढली, आनंद आहे," ती म्हणाली. "पण माझ्या चहाला मिठाची चव येते, त्याचं काय? सुई बुडवून पिऊ?"

आणि हा प्रश्न अगदी बरोबर होता. मीठ तळ्यातून आलं नाही, तर आलं कुठून? चिखलताई येताना आनंदात इतकी होती की एवढं साधं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती विचारात पडून मावशीच्या मागोमाग परसात गेली. विहिरीच्या काठाभोवती कोबीचे वाफे होते; मोठे, टच्च भरलेले गड्डे. मावशीने कोनाड्यातला डबा काढला, पदर खोचला आणि वाफ्याच्या कडेने, मग विहिरीच्या काठाने मूठ मूठ काहीतरी पांढरं फेकायला लागली.

"मावशी, हे काय?"

"मीठ. गोगलगायींना. मेल्या संध्याकाळ झाली की विहिरीच्या ओलीतून वर येतात आणि रात्रीत कोबीची जाळी करून ठेवतात. मीठ पडलं की फिरकत नाहीत."

"रोज टाकतेस?"

"रोज. आणि सकाळी झाडांना पाणी घातलं की सगळं वाहून जातं, म्हणून परत टाकायचं."

"वाहून कुठे जातं?"

मावशीची मूठ हवेतच थांबली. तिने वाफ्याकडे बघितलं, वाफ्याखालच्या भुसभुशीत काळ्या मातीकडे बघितलं आणि मग विहिरीत वाकून बघितलं. त्या मातीत कुत्री नव्हती की बोळ नव्हता. ती बागेची मोकळी माती, येईल त्याला वाट देणारी.

"अगं बाई," मावशी म्हणाली. तिच्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलं वाक्य, जे फाटकापर्यंत ऐकू गेलं नाही.

"एवढं मीठ आणतेस तरी कुठून?" चिखलताईला आता हसू आवरत नव्हतं.

"आणतेय कशाला? तो देतो ना." मावशीने फाटकाकडे मान हलवली. "पूर्वी डबाभर द्यायचा. काकड्यांना मागणी वाढली तसं पोतं ठेवायला लागला. मला एकटीला पोतंभर मीठ काय करायचंय? म्हटलं, वाया कशाला घालवा."

"पण तुमचं तर बोलणं बंद होतं!"

"बोलणं बंद होतं. मीठ कुठे बंद होतं?" मावशी म्हणाली. "फाटकाशी ठेवून जायचा चोरासारखा. मी आत ओढून घ्यायची."

चिखलताईने वळून भावाकडे बघितलं. बरणी कान टवकारून ऐकत होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"रागावली म्हणून काय तिने अळणी खायचं?" तो फाटकाबाहेरून म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे मीठ माझंच होतं! मावशी, तू खरंच बोलत होतीस!"

"मग! मी सांगत नव्हते?" मावशी गरजली, आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. ती डबा हातात धरून विहिरीच्या काठावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे, तिथे बाहेर काय उभा आहेस खांबासारखा? ये आत. पंप आहे ना तुझ्याकडे? उद्याच्या उद्या विहीर उपसायची. आणि गोगलगायी तू वेचायच्यास, हाताने."

बरणी धावत आत आला. इतक्या घाईने, की फाटक उघडायचं राहिलंच. तो त्यावरून आला. मावशीने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला.

चिखलताई मात्र कोबीच्या वाफ्याजवळच उभी होती.

"मावशी, सुई झोपली होती ना, तेव्हा मला वाटलं, मी दिलेल्या शब्दानेच तुझं घर सुटलं."

"कुठला शब्द?"

"तळ्याचा! मीठ जाणार नाही म्हणाले होते. त्याच्यावरच तर तू हो म्हणालीस."

मावशीने तिच्याकडे नवलाने बघितलं. "छे गं. फुगणारी माती काय न् थर काय, तू काय बोललीस त्यातलं मला ओ की ठो कळलं नव्हतं. तू मागत होतीस, एवढंच मी बघितलं. आईवेगळी पोरं तुम्ही. कधी नवा फ्रॉक मागितला नाहीत, कधी खाऊ मागितला नाहीत. मी दिलं ते खाल्लंत, आणलं ते ल्यालात. पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, मावशी, एवढं दे. तळं मागितलंस, तळं दिलं. विहीर मागितली असतीस तर विहीर दिली असती."

बरणीने शर्टाच्या बाहीने उघड उघड डोळे पुसले.

"मग तू निघाली कशाला होतीस?" चिखलताई म्हणाली. "पाण्यासाठी नाही?"

"पाण्यासाठी घर सोडतं का कुणी? नळ आहे की स्वयंपाकघरात." मावशीने डब्याचं झाकण लावलं. "हा फाटकाच्या आत येईना. तू यायचीस, बाटली भरायचीस, मीटर लावायचीस आणि जायचीस. म्हटलं, कुणाला माझी अडचण नको."

इतक्या आठवड्यांत चिखलताईने विहीर मोजली होती, थर मोजला होता, पण एक गोष्ट तिने तोंडाने म्हटलीच नव्हती. ती आता वाफा ओलांडून आली आणि मावशीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मावशी, जाऊ नकोस."

"नाही जात," मावशी म्हणाली. "हे त्याच दिवशी म्हणाली असतीस तर भांडी गुंडाळायची तरी वाचली असती. आता चहाला कप कुठल्या खोक्यात आहेत देवाला माहीत."

बरणी लगेच ओसरीवर धावला. खोकं फाडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. आतून त्याने ओरडून सांगितलं की कप सापडले नाहीत, पण पातेलं सापडलंय. मावशी म्हणाली, मग पातेल्यात पिऊ.